अस्वलिणीचे पिल्लू आणि दोन पाने

सागाच्या एका दाट रानात, ओढ्यापासून बरीच वर, दगडाच्या कपारीत एक अस्वलीण राहत असे. तिची पोरे मोठी होऊन आपापल्या वाटेने निघून गेली होती. अस्वलांत तसेच असते; पोरे एकदा गेली की ख्यालीखुशाली विचारायलासुद्धा फिरकत नाहीत. अस्वलिणीला त्याचा राग नव्हता, पण कपारीत तिला करमत नसे. संध्याकाळी ती मोहाच्या झाडांखाली नाहीतर वारुळांपाशी पोट भरायला जाई, सकाळी परत येई आणि एकटीच पडून राही.

एकदा सकाळी परतताना तिला रानाच्या कडेच्या डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे एक पिल्लू दिसले. तपकिरी रंगाचे, लोंबत्या कानांचे, गळ्यात लाल पट्टा असलेले. शेजारी एक मोठी पिशवी होती आणि तिच्यावर हसऱ्या कुत्र्याचे चित्र होते. कुणीतरी दोघांनाही गाडीतून खाली ठेवले होते आणि गाडी निघून गेली होती. कुत्रा नकोसा झाला की काही माणसे असे करतात, आणि सोबत खाण्याची पिशवी ठेवली म्हणजे आपण फार दयाळू, असेही त्यांना वाटत असते. त्यांची नावे मला ठाऊक असती, तर मी ती इथे मोठ्या अक्षरांत लिहिली असती. पिल्लू गाडी गेली त्या दिशेला तोंड करून बसले होते. अस्वलिणीला ते बघवेना. तिने त्याला अलगद उचलून पाठीवर बसवले, पिशवी तोंडात घेतली आणि ती कपारीकडे निघाली.

अस्वलांची पोरे आईच्या पाठीवर बसूनच रान हिंडतात, त्यामुळे तिला यात काही वेगळे वाटले नाही. पिल्लाला मात्र सगळेच वेगळे होते. त्याने तिच्या पाठीवरचे लांब केस दातांत घट्ट पकडले आणि कपार येईपर्यंत सोडले नाहीत. त्या ओढीने अस्वलिणीला बरे वाटले. बऱ्याच दिवसांनी तिच्या पाठीवर कुणाचे तरी ओझे होते.

आता प्रश्न आला खाण्याचा. पिशवीत काय होते, हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी ओळखले असेल. तपकिरी, कडक, गोल गोल दाणे. शहरात त्याला डॉगफूड म्हणतात. आपण नुसते दाणे म्हणू. अस्वलिणीने पळसाच्या पानांवर मूठभर दाणे वाढले. पिल्लाने ते कुडुमकुडुम खाल्ले आणि शेपूट हलवली. अस्वलिणीने पुन्हा वाढले. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. ती स्वतः रसाळ फळे आणि मोहाची फुले खाई, दिवसाकाठी एकदा ओढ्यावर जाऊन पाणी पिई, आणि तेवढे तिला पुरे. कोरडे दाणे खाणाऱ्याला पाणी जवळ लागते, हे तिच्या गावीही नव्हते. लवकरच पिल्लू सकाळच्या वेळी कुंथू लागले आणि कपारीच्या ओल्या दगडांना जीभ लावू लागले.

नेमका त्याच वेळी कोल्हा तिथून चालला होता. कोल्ह्याला कुणी काही विचारले नव्हते. पण न विचारता सांगायची सवय काहींना असते आणि ती कोल्ह्याला भरपूर होती. त्याने पिशवी हुंगली, नाक मुरडले आणि अस्वलिणीला खडसावले. "मावशी, हे काय खाऊ घालताय पोराला? हे लांडग्याच्या कुळातलं आहे. याच्या पणजोबानं कधी पिशवी फोडून खाल्लं होतं का? कच्चं मांस द्या याला, ताजं. नाहीतर हातचं जाईल."

अस्वलीण घाबरली. तिने दुपारीच दाणे बंद केले. कोल्ह्याने कुठूनसा बिबट्याने टाकलेला सांबराचा तुकडा आणून दिला. पिल्लाने इतके मांस जन्मात पाहिले नव्हते. ते तुटून पडले, पोट टम्म होईपर्यंत खात राहिले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याने कपारीभर घाण करून ठेवली. वरून ओकले ते वेगळेच. ज्या पोटाला काल फक्त दाणे ठाऊक, त्याच्यात आज नुसते मांस कोंबले, आणि तेही शिळे, तर दुसरे काय होणार?

आता वानराची पाळी. हा वानर रानाच्या फाटकाजवळच्या विश्रामगृहाच्या आवारात असे आणि माणसांच्या जवळ राहून आपल्याला माणसांइतके कळते अशी त्याची समजूत झाली होती. बातमी कळताच तो फांद्याफांद्यांवरून आला. त्याने अस्वलिणीला समजावले की कच्च्या मांसात जंत असतात, हाडाचे तुकडे आतड्यात रुततात, आणि शहाण्या घरांत कुत्र्याला फक्त दाणेच देतात. "मी रोज बघतो ना, मावशी," तो म्हणाला. "साहेब लोकांच्या कुत्र्यांची अंगं कशी आरशासारखी असतात. सगळं मोजूनमापून घातलेलं असतं त्या दाण्यांत. कोल्ह्याचं ऐकाल तर पस्तावाल."

तेव्हा अस्वलिणीने मांस बंद करून परत दाणे सुरू केले. पिल्लू परत कुंथू लागले. मग कोल्हा आला आणि परत मांस सुरू झाले. तुम्हाला हे वाचून कंटाळा आला असेल, तर त्या पिल्लाच्या पोटाचे काय झाले असेल याचा विचार करा. खरे सांगायचे तर कोल्ह्याच्या बोलण्यातही तथ्य होते आणि वानराच्याही. ताजे मांस वाईट नसते आणि चांगले दाणेही वाईट नसतात. पण कोल्हा स्वतःच्या पोटाकडे पाहून बोलत होता आणि वानर साहेबांच्या कुत्र्यांकडे पाहून. समोरचे पिल्लू दोघांच्याही बोलण्यात फक्त नावापुरते होते.

अस्वलीण बिचारी दोघांच्या मध्ये सापडली. तिला झोप लागेना. आपण रस्त्यावरून उचलून आणले आणि आपल्याच हातून हे मरायचे, अशी भीती तिच्या मनात बसली. शेवटी तिने ठरवले की आपल्याला यातले काही कळत नाही. जाणत्यांनी मिळून काय ते सांगावे. तिने पाणवठ्यावर सभा बोलावली.

पाणवठ्यावरच्या सभेत रानगवा प्रमुख असे. तो गवत खातो. त्यामुळे मांस आणि दाणे या दोन्हींशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो निःपक्षपाती, असे सगळ्यांनी मानले. कोल्हा उठून बोलला, वानर उठून बोलला, परत कोल्हा बोलला. सभेचे सरळ दोन तट पडले. मुंगूस, रानमांजर आणि घार कोल्ह्याच्या बाजूला. हरणे, मोर आणि ससे वानराच्या बाजूला. ज्यांनी आयुष्यात कुत्रा जवळून पाहिला नव्हता, तेही तावातावाने बोलू लागले. एक ससा तर इतका बोलला की त्याचा घसा बसला. अस्वलीण पिल्लाला पोटाशी घेऊन एका बाजूला बसली होती आणि कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे पाहत मान डोलवत होती.

गव्याने बराच वेळ रवंथ केला आणि मग निकाल दिला. त्या रानात खाण्याचा तंटा उभा राहिला की तो पानावर सोडवायची रीत होती. ज्याचे पान रिकामे झाले त्याचे अन्न खरे. चाटूनपुसून रिकामे केलेले पान खोटे बोलत नाही, असे तिथले जुने लोक मानत. त्याप्रमाणे रोज संध्याकाळी कपारीपुढे दोन पाने मांडायची. एका पानावर कोल्ह्याने आणलेले मांस, दुसऱ्यावर वानराने मोजून वाढलेले दाणे. अस्वलीण नेहमीसारखी पोट भरायला जाईल. सकाळी गवा स्वतः येऊन पाने पाहील. जे पान रिकामे दिसेल ते जिंकले. अस्वलिणीच्या डोक्यावरचा भार उतरला. आता तिला काही ठरवायचे नव्हते. रोज सकाळी येऊन निकाल ऐकायचा, एवढेच.

पहिल्या संध्याकाळी काय झाले ते सांगतो. अस्वलीण खाली उतरून दिसेनाशी झाली, तसे पिल्लू पानांजवळ आले. त्याचे पोट अजून दुखत होते, त्यामुळे ते जपून हुंगत होते. आधी ते दाण्यांकडे वळले. शेजारच्या करवंदीच्या जाळीत कोल्हा बसला होता. "बघू तरी," म्हणून आला होता तो, पण पिल्लाचे तोंड दाण्यांकडे गेलेले त्याला पाहवले नाही. तो जाळीतून गुरगुरला. पिल्लू दचकून मांसाकडे सरकले. वर झाडावर वानर होता. तोही "बघू तरी" म्हणूनच आला होता. त्याने शेपटी खाली सोडून पिल्लाच्या पाठीत एक सणसणीत फटका दिला. पिल्लू परत दाण्यांकडे गेले, तर परत गुरगुर. मांसाकडे वळले, तर परत फटका. दोन्हीकडून असे झाल्यावर पिल्लाने दोन्ही पाने सोडली आणि ते कपारीत आत, अगदी आत जाऊन बसले.

राहिली दोन भरलेली पाने. कोल्ह्याच्या मनात आले, सकाळी माझे पान भरलेले दिसले तर मी हरलो. आणि मांस तर माझेच, मीच आणलेले. यात चोरी कसली? त्याने मांस खाऊन पान चाटून ठेवले. वानराच्या मनातही नेमके तेच आले. पिशवी आपण राखतो, दाणे आपण मोजतो. मग चार दाणे आपण खाल्ले तर बिघडले कुठे? त्याने गाल भरून घेतले आणि पान झटकून ठेवले. गंमत म्हणजे दोघे एकमेकांना स्पष्ट दिसत होते. कोल्ह्याने वानराला पाहिले, वानराने कोल्ह्याला पाहिले, आणि दोघांनीही तोंडे फिरवली. त्यानंतर दोघांच्यात एक शब्दही झाला नाही. रानातले ते सगळ्यात घट्ट गुपित ठरले, कारण ते राखणारे दोघेही शत्रू होते.

सकाळी गवा आला. त्याने पाने हुंगली आणि सांगितले की दोन्ही पाने रिकामी आहेत, बरोबरी झाली, परीक्षा पुढे चालू राहील. पिल्लाकडे त्याने पाहिले नाही. तो दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. पण त्याचे काम पाने पाहायचे होते आणि त्याने ते चोख केले. अस्वलिणीला मात्र आनंदाचे भरते आले. काल दुखण्याने कण्हणारे पोर आज दोन्ही पाने फस्त करते, याहून आणखी काय हवे? तिने पिल्लाचे डोके चाटले, "गुणाचं माझं," म्हणाली आणि थकून झोपी गेली. पिल्लू तिच्या केसांत शिरून पडून राहिले.

असे रोज होऊ लागले. रोज संध्याकाळी दोन पाने, रोज सकाळी दोन्ही रिकामी. पाणवठ्यावर दुसरा विषयच उरला नाही. कोल्ह्याच्या बाजूचे म्हणत, बघा, कसे मांस संपवते. वानराच्या बाजूचे म्हणत, बघा, एक दाणा ठेवत नाही. जो तो आपल्या पुढाऱ्याची री ओढू लागला. हरणे आणि रानमांजर तशीही एकमेकांशी बोलत नसत. आता त्यांना न बोलायला चांगले कारण मिळाले. कोल्ह्याचे पोट सुटले. वानराची बरगडी दिसायची ती बुजली. अस्वलीणही पाणवठ्यावर जाऊन बसू लागली, कारण आता तिला तिथे मान होता. पिल्लाची आई म्हणून तिला दोन्ही बाजूंचे जण जागा करून देत, आणि ती दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे घडाघडा सांगू शके. जंत, हाडे, दात, कांती, लांडग्याचे कूळ, सगळे तिला पाठ झाले होते. कपारीत परतायला तिला रोज थोडा उशीर होऊ लागला.

आणि पिल्लू? पिल्लाला पानांची भीती बसली होती. पानांची चाहूल लागली की ते आत जाई. सगळे गेल्यावर बाहेर येऊन ओली पाने चाटी, फटीत सांडलेला एखादा दाणा शोधी, कधी भुंगा पकडून खाई. भूक लागली म्हणून ते रडत नसे. रस्त्यावर ते भरपूर रडले होते आणि त्याने गाडी परत आली नव्हती. म्हणून रडण्याचा उपयोग नसतो, अशी त्याची समजूत झाली होती. मला या गोष्टीतले सगळ्यात वाईट काही वाटत असेल तर ते हे.

अखेर गव्यालाही रोजच्या चढणीचा कंटाळा आला. त्याने जाहीर केले की आता शेवटची सभा घेऊ आणि काय तो निकाल लावू. सभेच्या सकाळी अस्वलीण लवकर परत आली. तिने पिल्लाला पाठीवर घेतले आणि ती पाणवठ्याकडे निघाली. डोक्यात सभेचेच विचार होते. कोण काय बोलेल, मग आपण काय बोलायचे. अर्धी वाट उतरल्यावर ती एकदम थांबली. पाठीवर पिल्लू आहे की नाही, तेच तिला कळेना.

तिने मान वळवून पाहिले. पिल्लू होते. पण त्याचे वजन तिला जाणवत नव्हते. पहिल्या दिवशी तिचे केस ओढत होते तसे ते आता ओढत नव्हते. त्याच्या तोंडात केस होते, पण पकड नव्हती. ती अशी वळली तेवढ्या हिसक्यानेच ते घसरले आणि वाळलेल्या पानांवर पडले. पडल्यावर उठलेही नाही. अस्वलिणीने त्याला नाकाने उलटे केले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्याला नीट पाहिले. बरगड्या एक एक मोजता येत होत्या. डोळ्यांत चिपडे होती. पोट पाठीला टेकले होते. लाल पट्टा गळ्यात इतका सैल झाला होता की तो डोक्यावरून निघून आला असता.

अस्वलीण तिथेच खाली बसली. दोन्ही पाने रोज रिकामी होती, हे तिला आठवले. पाणवठ्यावरचे कोल्ह्याचे सुटलेले पोट आणि वानराचे फुगलेले गालही आठवले. तिला सांगायला कुणाची गरज उरली नाही. राग तर इतका आला की दोघांना तिथल्या तिथे फाडावे. अस्वलाच्या नखांना ते अवघड नाही. पण त्या रागाच्या खाली दुसरे काहीतरी होते आणि ते जास्त टोचत होते. पिल्लाच्या खाण्याविषयी रानातला कोण काय म्हणतो, हे तिला तोंडपाठ होते. पण पिल्लाने काल पाणी प्यायले का, हे तिला सांगता आले नसते. त्याने शेपूट शेवटची कधी हलवली, तेही आठवत नव्हते. स्वतःच्या पोरांच्या वेळी ती त्यांची पोटे चाटून बघे, त्यांची विष्ठा हुंगून बघे, पोरे खात असली की शेजारी पसरून बसे. तेव्हा तिने कुणाची सभा बोलावली नव्हती. या परक्या पोराच्या बाबतीत आपल्याला काही कळत नाही, असे तिने आपणच ठरवून टाकले होते, आणि मग बघणेही सोडून दिले होते.

अस्वलीण रडली. अस्वले रडतात का, असे मला विचारू नका; ही रडली.

मग तिने पिल्लाच्या कानाशी तोंड नेले आणि रानात आजवर कुणी न विचारलेली गोष्ट विचारली. "बाळा, तुला काय हवंय?"

पिल्लाने डोळे उघडले. ते म्हणाले, "काही पण चालेल. मी खाईन. तू फक्त इथे बस."

अस्वलीण सभेला गेली नाही. तिने पिल्लाला तोंडात धरले आणि ती थेट ओढ्यावर गेली. आधी त्याला थोडेथोडे पाणी पाजले. मग पिशवीतले मूठभर दाणे आणून पाण्यात भिजवले, मऊ झाल्यावर चार-दोन त्याच्यापुढे ठेवले आणि ती शेजारी पसरून बसली. पिल्लाने एक दाणा तोंडात घेतला आणि लगेच मागे वळून पाहिले. जाळी होती, झाड होते, पण गुरगुर आली नाही आणि फटकाही आला नाही. अस्वलीण दोन्हींच्या आणि त्याच्या मध्ये बसली होती. त्याने दुसरा दाणा खाल्ला.

त्या दिवसापासून तिने कपार सोडून ओढ्याकाठच्या ढोलीत बिऱ्हाड केले, म्हणजे पाणी हाताशी. पिल्लू खाई तेव्हा ती उठत नसे. स्वतःचे पोट भरायला नंतर जाई आणि जवळपासच जाई. रोज ती त्याचे पोट चाटून बघे, डोळे बघे, आणि त्याची विष्ठाही बघे. शी म्हणू नका. पोटातली बातमी दुसरीकडे कुठे मिळत नाही. घट्ट झाली असेल तर ती दाणे जास्त भिजवी, पातळ झाली असेल तर कमी वाढी. पोट सावरल्यावर तिने दाण्यांत मांसाचा बोटभर तुकडा घातला, तोही ताजा, आणि पुढे काय होते याची वाट पाहिली. सोसले, तेव्हा पुढच्या खेपेला थोडा मोठा घातला. मध्ये एकदा नाही सोसले; तेव्हा लगेच थांबवला आणि चार दिवस गेल्यावर परत घातला. पिशवी तळाला जाईपर्यंत पिल्लाला हळूहळू दुसरे सगळे पचू लागले होते. मांस, अंडी, कधी पिकलेली बोरेसुद्धा. घाई तिने कशाचीच केली नाही. आणि एका सकाळी ते पाठीवर बसले तेव्हा तिचे केस असे ओढले गेले की ती कळवळली आणि हसली.

कोल्हा आणि वानर यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांना काही शिक्षा झाली नाही. गोष्टीत दुष्टांना शिक्षा व्हावी असे मलाही वाटते, पण या रानात ती झाली नाही. अस्वलिणीने एकदा दोघांना ओढ्याकाठी बोलावले आणि पिल्लापुढे उभे केले. ती नुसती त्यांच्या पोटांकडे पाहत राहिली. दोघेही मान खाली घालून निघून गेले. पण पाणवठ्यावर पोहोचेपर्यंत दोघांच्या माना परत वर झाल्या होत्या. पिल्लू धष्टपुष्ट झाल्यावर कोल्ह्याने सगळ्यांना सांगितले की ही मांसाची करामत. वानर म्हणाला, दाण्यांनी वाचवले म्हणून. दोन्ही बाजू त्या वादात अजून रंगलेल्या आहेत. मूळ पिल्लू सभेला येत नाही, हे कुणाच्या लक्षातही आलेले नाही.

तुमच्या घरी कुत्रा असेल आणि त्याला काय घालावे हा प्रश्न असेल, तर मला विचारू नका. मी गोष्टी सांगणारा माणूस. प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा. मात्र कुत्र्याला बरोबर घेऊन जा, आणि तो कसा खातो, किती पाणी पितो, त्याची शी कशी होते, हे सांगता येईल इतके आधी घरी बघून जा.

पुढे एक उन्हाळा गेला. पिल्लाचा आता चांगला दांडगा कुत्रा झाला होता आणि तो अस्वलिणीच्या पाठीवर मावत नसे, तिच्या पुढे पुढे धावे. एकदा दरीच्या पलीकडून एक साळींदरीण धापा टाकत ओढ्यावर आली. तिला रस्त्याकडेला असेच एक पिल्लू सापडले होते. माणसे काही सुधारत नाहीत. साळींदरीण पाणवठ्यावर जाऊन आली होती आणि तिथे तिला दोन्ही बाजूंनी इतके ऐकवले होते की तिचे डोके भणभणत होते.

"मावशी, तुम्ही यातून गेला आहात," ती म्हणाली. "मला लांबण लावून सांगू नका. एकच सांगा. कच्चं की कोरडं?"

अस्वलिणीने विचारले, "पिल्लू कुठंय?"

"ते बिळात ठेवून आलेय. अजून लहान आहे, त्याला काय कळतंय? तुम्ही नुसतं सांगा, मी तसं करते."

अस्वलीण उठली. तिने एवढेच विचारले की बीळ कोणत्या दिशेला आहे, आणि ती दरीकडे अशी झपाझप चालू लागली की साळींदरिणीला तिच्या मागून धावावे लागले.

तात्पर्य : दुसऱ्याला काय खाऊ घालावे हे ठरवताना आपले मत जिंकते का, हे पाहू नये. खाणाऱ्याच्या पोटाकडे पाहावे, आणि त्यासाठी त्याच्याजवळ बसावे लागते.